पंपघरातला बोर्ड हँग झाला तर?

समजा, वाणगावजवळच्या एका मिरचीच्या शेतात मातीतला ओलावा मोजून ठिबकचा पंप आपोआप सुरू-बंद करणारी यंत्रणा बसवली आहे. पंपघरात तळहातात मावेल असा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्याला यूएसबी केबलने जोडलेला रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक आणि त्या संगणकाला मोबाइलचे इंटरनेट. शेतमालक बोईसरला राहतो, तारापूर एमआयडीसीत पाळीवर जातो आणि शेताचे आकडे फोनवर पाहतो. एका पावसाळी रात्री आकडे बदलायचे थांबतात. बोर्ड हँग झालेला असतो. त्याच्यावर रीसेटचे इवलेसे बटन आहे, पण ते पंपघरात. बोईसरहून वाणगाव एकच स्टेशन, तरी रात्री दोन वाजता तेही लांब वाटते.

अडचण केवळ शेतीपुरती नाही. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा त्या भागात भूकंपमापक बसवले गेले. माणूस नसलेल्या ठिकाणचे कुठलेही नोंदयंत्र ज्या रात्री अडकेल, त्याच रात्री धक्का बसला तर ती नोंद पुन्हा कधीच मिळत नाही. म्हणून ‘दुरून रीसेट कसे करायचे’ हा प्रश्न यंत्र बसवण्याआधीच सोडवावा लागतो.

बटन न दाबता बटन दाबणे

रीसेट म्हणजे चिपला प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू करायला लावणे. चिपला त्यासाठी एक खास पाय असतो. एरवी त्यावर पाच व्होल्टचा दाब असतो. बटन दाबले की तो क्षणभर शून्यावर येतो आणि चिप नव्याने सुरू होते. म्हणजे तो पाय कुठल्याही मार्गाने क्षणभर शून्यावर आणता आला तर बटनाची गरज उरत नाही.

आर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डात ही सोय मुळातच आहे. त्यावर दोन चिप असतात : एक मुख्य काम करणारी, दुसरी यूएसबीचे बोलणे तिला समजेल अशा भाषेत पोहोचवणारी. या दुसऱ्या चिपची ‘डीटीआर’ नावाची तार एका छोट्या कपॅसिटरमधून मुख्य चिपच्या रीसेटच्या पायाला जोडलेली असते. संगणकाने पोर्ट उघडला की ती तार खाली जाते, कपॅसिटर तो धक्का फक्त क्षणभर पुढे जाऊ देतो आणि बोर्ड रीसेट होतो. रास्पबेरी पायवर दुरून लॉग-इन करून पोर्ट बंद करून पुन्हा उघडला, की पंपघरात जाऊन बटन दाबल्यासारखेच झाले.

आर्डुइनो लिओनार्डोची गोष्ट वेगळी. तिथे यूएसबीचे बोलणे आणि मुख्य काम एकच चिप करते. संगणकाने पोर्ट १२०० बॉड या ठरावीक संथ वेगाने उघडून बंद केला, की चिप तो इशारा ओळखते आणि स्वतःला रीसेट करते. ऐकायला सोपे, पण यात खाच आहे. इशारा ओळखायला चिप जागी हवी. ती पुरती अडकली असेल तर इशारा ऐकणारे कुणी नसते. उनोमध्ये रीसेटची वाट अडकलेल्या चिपच्या मर्जीबाहेरून जाते, लिओनार्डोमध्ये तिच्याच हातून. दोन्ही बोर्ड दुकानात शेजारी शेजारी मिळतात, पण पंपघरात ठेवताना हा फरक मोठा ठरतो.

वीजच तोडायची तर

तिसरी वाट म्हणजे यूएसबीची वीज काही सेकंद बंद करून पुन्हा देणे. काही यूएसबी हबमध्ये प्रत्येक पोर्टची वीज वेगळी बंद करता येते आणि ते करणारे मोफत प्रोग्रॅमही आहेत. मात्र अनेक स्वस्त हब आदेश स्वीकारतात, ‘बंद केले’ असे कळवतात आणि पाच व्होल्ट सुरूच ठेवतात. काही संगणकांत एक पोर्ट बंद केला की सगळ्यांचीच वीज जाते, मग त्याच संगणकाला यूएसबीने लावलेला इंटरनेटचा डोंगलही मान टाकतो. शिवाय बोर्डाला वेगळा ॲडॉप्टर असेल तर यूएसबीची वीज तोडून त्याला काहीच फरक पडत नाही. हब विकत घेतल्यावर आदेश देऊन बोर्डावरचा दिवा खरोखर विझतो का, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

आतला पहारेकरी

दुरून रीसेट करायला इंटरनेट लागते आणि वादळात तेच आधी जाते. म्हणून चिपच्या आतच एक पहारेकरी असतो : वॉचडॉग टायमर. प्रोग्रॅमने त्याला ठरावीक वेळात ‘मी ठीक आहे’ असे कळवत राहायचे. कळवणे थांबले की तो कुणाला न विचारता चिप रीसेट करतो. उनोच्या चिपमध्ये ही मुदत १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत ठेवता येते आणि पहारेकऱ्याचे घड्याळ मुख्य घड्याळाहून वेगळे असते. मात्र मुख्य काम अडकले तरी दुसराच एखादा कोपरा ‘मी ठीक आहे’ म्हणत राहील, अशा जागी ती ओळ लिहिली तर पहारा फुकट जातो. ओलावा मोजून, तपासून, पंपाचा निर्णय घेऊन झाल्यावरच ती हाक द्यायला हवी.

हे न केल्याची किंमत एका अवकाशयानाने मोजली. अमेरिकेच्या क्लेमेंटाइन यानाने १९९४ मध्ये चंद्राचे नकाशे काढले आणि पुढे ते जिओग्राफोस नावाच्या लघुग्रहाकडे निघायचे होते. ७ मे १९९४ रोजी त्याचा संगणक अडकला आणि यानाची छोटी इंजिने सुरूच राहिली. पृथ्वीवरून सॉफ्टवेअरमार्फत रीसेटचे आदेश गेले, पण ते ऐकणारा संगणकच अडकलेला होता. शेवटी थेट हार्डवेअरमधून दिलेल्या रीसेटने तो जागा झाला. तोवर इंधन संपले होते आणि यान मिनिटाला सुमारे ८० फेऱ्या घेत गरगरत होते. हार्डवेअरमध्ये वॉचडॉग होता, प्रोग्रॅमने तो वापरात घेतलेला नव्हता. लघुग्रहाची भेट रद्द झाली. आपल्या पंपघरात इंजिनाच्या जागी मोटर आणि इंधनाच्या जागी विहिरीचे पाणी, एवढाच फरक.

जागे झाल्यावर काय?

रीसेट झाल्यावर चिपच्या पायांवरचे आदेश क्षणभर सुटतात. त्या क्षणी पंपाचा रिले बंदच राहील, अशी जोडणी एका साध्या रेझिस्टरने करता येते. ती नसेल तर बोर्ड जागा होताना मोटर झटका खाऊ शकते. उनोमध्ये तर संगणकावरचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू होऊन पोर्ट उघडला, तरी न मागता रीसेट होतो. म्हणून जागा झालेला बोर्ड आधी पंप बंद ठेवील, ओलावा मोजील आणि मगच निर्णय घेईल, असा क्रम हवा.

दुरून रीसेट देणाऱ्याला पंपाजवळ कोण उभे आहे हे दिसत नाही. अनवाणी माणूस मोटरची वायर तपासत असताना बोईसरमधून पंप सुरू झाला तर? कारखान्यांत या धोक्याचा नियमच आहे. आपत्कालीन थांब्याविषयीचे आयएसओ १३८५० हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते, की दाबलेले लाल बटन त्याच जागी जाऊन हाताने सोडवावे आणि ते सोडवल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ नये. शेतातही हाच धडा घ्यावा. पंपाजवळ मुख्य वीज तोडणारा स्विच असावा आणि तो बंद असेपर्यंत कुठल्याही रीसेटने मोटर फिरू नये. मोजणारा बोर्ड दुरून रीसेट करावा, माणसाला वाचवणारा स्विच कधीच नाही.

आणखी एक गोष्ट. आर्डुइनोमध्ये नवा प्रोग्रॅम भरण्याची वाटही रीसेटमधूनच सुरू होते. दुरून रीसेट करता येणारा माणूस दुरून प्रोग्रॅमही बदलू शकतो. रास्पबेरी पायच्या प्रणालीने एप्रिल २०२२ मध्ये सर्वांना एकच ठरीव नाव देण्याची पद्धत बंद केली ती अशाच धोक्यामुळे. जुनी प्रणाली चालू असेल तर संकेतशब्द आजच बदलावा.

रीसेट हे औषध नव्हे

ताप उतरवणारी गोळी आजार बरा करत नाही, तसेच रीसेटचे आहे. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागले. पहारेकरी आपले काम चोख करत होता, पण अभियंते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर तोच बिघाड घडवून आणला, कमी महत्त्वाचे काम जास्त महत्त्वाच्या कामाला अडवून धरते हे शोधले आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली.

शेवटचा रीसेट कशामुळे झाला, वीज गेल्याने, व्होल्टेज पडल्याने, बाहेरून की वॉचडॉगने, हे उनोच्या चिपमध्येही नोंदले जाते. प्रोग्रॅमने सुरू होताच ते वाचून वेळेसह संगणकाकडे पाठवावे. महिन्याभराची नोंद पाहिली की उत्तर बहुधा समोर येते. रीसेट पंप सुरू होतानाच होत असतील तर मोटरच्या झटक्याने व्होल्टेज पडत असावे. पंप बंद होताना होत असतील तर रिलेच्या कॉइलवर डायोड आहे का, ते पाहावे. मुसळधार पावसातच होत असतील तर खोक्यात ओल शिरते आहे. मग दुरुस्ती करायला दिवसाउजेडी एकदा वाणगावला जावे लागेल, पण त्यानंतर रात्री दोनला फोन पाहण्याची वेळ क्वचितच येईल.