येरेव्हानची नभोवाणी

आर्मेनियाची राजधानी येरेव्हान हे शहर तुर्कस्तानच्या सीमेपासून फारसे दूर नाही. तेथील घरांच्या खिडक्यांतून अरारात पर्वताचे हिमाच्छादित शिखर स्वच्छ दिसते. परंतु तो पर्वत सीमेपलीकडे, तुर्कस्तानात आहे. मध्ये अरास नदी वाहते. आर्मेनिया सोव्हिएट संघराज्यात होता त्या काळी या सीमेवर काटेरी तारा व कडक पहारे असत, आणि अलीकडच्या माणसास पलीकडे जाणे जवळजवळ अशक्य होते. एक आवाज मात्र या तारा ओलांडून रोज पलीकडे जाई. 'येरेव्हान खबर दिदे' या शब्दांनी त्याचा आरंभ होत असे. येरेव्हान बोलत आहे, असा त्याचा अर्थ.

ही भाषा कुर्दी होय. 'खबर' हा शब्द मराठी मुलांस निराळा सांगावयास नको. कुर्दी माणूस नावाला 'नाव'च म्हणतो आणि चार या आकड्याला 'चार'च म्हणतो. दूरच्या नात्यातील या भाषेची ओळख अशी एखाद्या शब्दातून अवचित पटते.

कुर्द लोकांची संख्या काही कोटी आहे, पण त्यांचे स्वतंत्र राज्य नाही. तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया या चार देशांच्या डोंगराळ भागांत ते विभागले गेले आहेत. त्यांचा एक लहानसा गट आर्मेनियात राहतो. त्यातील बहुतेक लोक यझिदी पंथाचे आहेत. संख्येने थोड्या अशा या लोकांनीच कुर्दी नभोवाणी नावारूपास आणली.

आरंभ सुखाचा नव्हता. १९३० साली येरेव्हानमध्ये 'रया तझे', म्हणजे 'नवी वाट', या नावाचे कुर्दी वृत्तपत्र निघाले. त्याच सुमारास नभोवाणीवरही कुर्दी शब्द ऐकू येऊ लागले. परंतु १९३७ च्या सुमारास स्टालिनच्या राजवटीचा रोष अनेक लहान जमातींवर झाला. कित्येक कुर्द कुटुंबांना घरेदारे सोडून दूर मध्य आशियात जावे लागले, आणि वृत्तपत्र व नभोवाणी दोन्हींचा आवाज बंद पडला. स्टालिनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९५५ साली, दोन्ही पुन्हा सुरू झाली.

नभोवाणीचे काम जासिमे जलील या कवीकडे आले. १९१८ च्या कत्तलीत या गृहस्थांचे जवळजवळ सारे कुटुंब नाहीसे झाले होते. दहा वर्षांचे ते पोर अनाथाश्रमात वाढले. तेथे कुर्दी बोलणारे कोणी नव्हते. आपली भाषा विसरू नये म्हणून तो मुलगा रोज रात्री निजण्यापूर्वी आपले नाव, वडिलांचे नाव व गावाचे नाव कुर्दी भाषेत पुटपुटत असे, असे सांगतात. पुढे ज्यास ध्वनिक्षेपक मिळाला, त्याने त्या भाषेसाठी काय केले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

प्रथम कार्यक्रम काही मिनिटांचाच होता; वाढत वाढत तो दीड तासापर्यंत गेला. बातम्या होत्या, नाटके होती, परंतु लोक वाट पाहत ती गाण्यांची. कुर्दी समाजात देंगबेज नावाचे गायक असतात. 'देंग' म्हणजे आवाज आणि 'बेज' म्हणजे सांगणारा. आपल्याकडील शाहिरांप्रमाणे हे लोक लढायांच्या व प्रीतीच्या दीर्घ कथा तोंडपाठ गातात. मात्र त्यांच्या हाती बहुधा वाद्य नसते. लिहिण्यावाचण्याची सोय नव्हती, तेथे कुर्दी इतिहास यांच्याच कंठात राहिला. असे गायक येरेव्हानला येत व त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली जात. जासिमे जलील यांची मुलेही याच कामाला लागली: कन्या जमीला यांनी लोकगीतांच्या चाली स्वरलिपीत उतरवून घेतल्या, तर ओर्दिखान व जलील या बंधूंनी १९७८ साली कुर्दी लोकवाङ्मयाचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला.

या गायकांतील कारापेते खाचो तर जन्माने आर्मेनियन होते. १९१५ च्या भीषण संहारातून ते लहानपणी वाचले, कुर्द लोकांत वाढले, सीरियात फ्रेंच सैन्यात पंधरा वर्षे राहिले आणि १९४६ साली आर्मेनियास आले. कुर्दी गाणी त्यांच्याइतक्या आर्ततेने फार थोड्यांनी गायिली.

आता हा आवाज इतक्या दूर कसा पोहोचत असे, हे पाहू. नभोवाणीच्या काही लहरी जमिनीलगत जातात व थोड्याच अंतरावर क्षीण होतात. लघुलहरींचे तसे नाही. त्या आकाशात वर जातात. पृथ्वीपासून सुमारे शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे विद्युत्भारित झालेल्या हवेचे थर आहेत. तेथून त्या परावर्तित होऊन पुन्हा जमिनीवर उतरतात. भिंतीवर चेंडू मारावा व तो दूर जाऊन पडावा, तसेच हे. डोंगर व सीमा खालीच राहतात. रात्री यातील काही लहरी अधिक दूरवर ऐकू येतात. मात्र आवाज कधी वाढतो, कधी विरतो व खरखर चालूच राहते.

ती खरखर तुर्कस्तानातील खेड्यापाड्यांतून मोठ्या श्रद्धेने ऐकली जाई. तेथे १९२४ पासून कुर्दी शाळांना बंदी होती. १९८३ च्या कायद्याने तर कुर्दी भाषेत प्रकाशन व प्रसारण करण्याचीच मनाई झाली. गावात एखाद्याच घरी रेडिओ असे. संध्याकाळी शेजारीपाजारी तेथे जमत, दार लावून घेत आणि आवाज अगदी बारीक ठेवून कान देत. लहान मुलास त्या वेळी प्रथमच कळे की, घरात आई बोलते ती भाषा पेटीतूनही बोलता येते.

येरेव्हानचे हे केंद्र पूर्ण स्वतंत्र होते असे मात्र समजू नये. सोव्हिएट सरकारची प्रशंसा हे त्याचे नित्याचे काम होते, आणि धर्माचा किंवा जुन्या सरदारांच्या गौरवाचा वास येणाऱ्या रचनांकडे वरिष्ठ संशयाने पाहत. सरकारला शेजाऱ्यावर आपली छाप पाडावयाची होती. श्रोत्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. बातम्या संपण्याची ते धीराने वाट पाहत.

१९९१ साली तुर्कस्तानातील तो कायदा रद्द झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी सोव्हिएट संघराज्य मोडले आणि येरेव्हानच्या कुर्दी विभागाचे पूर्वीचे वैभव ओसरले. १ जानेवारी २००९ रोजी तुर्की सरकारनेच दिवसभराची कुर्दी दूरदर्शन वाहिनी सुरू केली. कारापेते खाचो २००५ साली वारले होते. त्यांची गाणी मात्र श्रोत्यांनी रेडिओजवळ यंत्र ठेवून फितींवर उतरवून घेतली होती. त्या फितींत गाण्याबरोबर लघुलहरींची खरखरही उतरली आहे.