फुटबॉलच्या तासाला निर्णय कोण घेतो?

फुटबॉलच्या तासाचं नेहमीचं चित्र असं : तीस मुलं रांगेत उभी. सरांची शिट्टी वाजली की एक जण चेंडू घेऊन अडथळ्यांमधून जातो आणि परत रांगेच्या टोकाला येऊन थांबतो. अशानं चेंडू पायाला लागतो कितीसा? ज्याला खेळ मुळात जमत नाही, त्याची फजिती मात्र सगळा वर्ग बघतो. असा मुलगा हळूहळू मैदानाकडे फिरकेनासा होतो.

मस्का मॉस्टन यांनी १९६६ साली 'टीचिंग फिजिकल एज्युकेशन' या पुस्तकात शिकवण्याच्या पद्धतींची मांडणी केली. त्यांची कसोटी साधी होती : तासातले निर्णय कोण घेतो, शिक्षक की विद्यार्थी?

आज्ञा पद्धतीत सगळं सर ठरवतात. पास देताना आधाराचा पाय चेंडूशेजारी, घोटा ताठ, चेंडूला पायाची आतली बाजू लावायची. नवशिक्याला हे असंच दाखवावं लागतं. पण सामन्यात पास कुणाला आणि कधी द्यायचा, हे सांगायला शिट्टी नसते.

जोडीच्या पद्धतीत एक जण पास देतो, दुसरा हातातल्या कागदावरचे मुद्दे बघून चूक सांगतो. सर बोलतात ते बघणाऱ्याशी. त्यामुळे त्याचीही नजर तयार होते.

समावेशक पद्धतीत एकच काम, पण सोपं-कठीण असं वेगवेगळं. चेंडू रुंद फटीतून मारायचा की अरुंद, हे मुलगा स्वतः निवडतो. कच्च्या खेळाडूचीही इथे फजिती होत नाही.

१९८२ साली इंग्लंडमधल्या बंकर आणि थॉर्प यांनी क्रमच उलटा केला. आधी छोटा खेळ, समजा चौघांविरुद्ध दोघे. चेंडू सारखा हिसकावला जातो, मग सर विचारतात, "मोकळी जागा कुठे होती?" पासची गरज कळली की तंत्र शिकायचं.

आपल्या गोव्यात भात कापल्यावर शेतात खेळणारी पोरं असंच तर शिकतात! रांग नाही, अडथळे नाहीत. उसळत्या चेंडूचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. फक्त पायाची चुकीची सवय लागली तर दुरुस्त करायला तिथे कुणी नसतं.

म्हणून चांगले सर एकाच पद्धतीला चिकटत नाहीत. सुरुवातीला नीट दाखवतात, मग हळूहळू निर्णय मुलांच्या हाती देतात.