कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी

रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा दोन्ही बाजूंचे दोन-दोन व त्यांनी निवडलेला पाचवा अशा पाच जणांनी मिटवावा, असे सिद्धार्थाने सुचविल्याचे डॉ. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितले आहे. इंदिरानगरातील आपल्या भावाभावांतील घराच्या वाटणीचे वादही असेच मिटावेत, असे आम्हांस वाटते. त्यासाठी नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीच अर्ज करता येतो. अनुसूचित जाती व महिलांना वकील मोफत मिळतो. १९८७ च्या कायद्यानुसार लोकअदालतीतील तडजोड हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते. तिच्यावर अपील नाही. म्हणून मजकूर समजल्याशिवाय सही करू नये. तडजोड न झाल्यास कोर्टाचा मार्ग मोकळाच राहतो. जय भीम!