कोऱ्या पट्टीत काय घडतं?

चाकणला सेकंड शिफ्टला निघालेल्या तरुणाला विचारा, जपानी येतं का? तो नाही म्हणेल. पण काइझेन, कानबान, पोका-योके हे कारखान्यातले जपानी शब्द त्याच्या तोंडी रोजचे. दुसरीकडे पुणे परिसरात जेएलपीटीची, म्हणजे जपानीच्या एन-५ ते एन-१ या परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली पुष्कळ आहेत. म्हणून या पट्ट्यातल्या सार्वजनिक वाचनालयात मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आणि चित्रकादंबऱ्यांची एक फळी हवी, असं मला मनापासून वाटतं. ती भरायची कशी याचा विचार करू लागलं, की एकेक नवल समोर येतं.

पहिलं नवल चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीचं. एका चौकटीत टाचा उंचावून फडताळातल्या लाडवांच्या डब्याकडे गेलेला हात. पुढच्या चौकटीत जमिनीवर गरगरणारं झाकण आणि दारात उभी आई. डबा पडताना कुणीच काढलेला नाही, तरी तुम्ही तो पडताना पाहिलात, आवाजही ऐकलात! स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये याच पट्टीवर बोट ठेवलं: गोष्ट तिथे घडते, आणि ती घडवतो वाचक. ‘चित्रं बघतोय, वाचत कुठेय?’ असं मुलांना म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करून पाहावा. माझी निवडीची पहिली कसोटी यातूनच येते. फुग्यांमधले शब्द तळहाताने झाका. चित्रं तरीही बोलत असतील तर पुस्तक घ्या. शब्दांत आहे तेच पुन्हा काढलेलं असेल तर परत ठेवा.

जपानी चित्रकार तर शांततेलाही आवाज देतात. खोली सुन्न झाली की चित्रात अक्षरं उमटतात, ‘शीऽऽन’!

जपानी शिकणाऱ्यांसाठी मूळ प्रती घ्यायच्या, तर पान उघडून कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांच्या शेजारी पाहावं. मुलांसाठीच्या मांगात तिथे बारीक टाइपात उच्चार छापलेला असतो. त्याला फुरिगाना म्हणतात. प्रौढांच्या मांगात तो सहसा नसतो. म्हणजे वाचकाचं वय पानावरच दिसतं, आणि नवशिक्याला हातात धरायला काठीही मिळते. ‘योत्सुबा’सारखी मालिका त्यासाठी फार गोड आहे. एका लहान मुलीचे साधे दिवस, घरातली बोली भाषा.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. पूर्वी परदेशी आवृत्त्यांत पानं आरशासारखी उलटवून छापत. त्यात उजव्या हाताची माणसं डावखुरी झाली, आणि किमोनोची डावी बाजू वर यायची ती खाली गेली. जपानमध्ये तसा किमोनो मृतालाच नेसवतात. एका छपाईच्या सोयीने अख्खं गाव मेलेलं! न उलटवलेली आवृत्तीच घ्यावी, ती याचसाठी.

मग पैशांचं गणित. ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे आणि शंभर खंड ओलांडून गेलंय. त्यातला एक खंड हरवला की वाचक अडला. ‘डोरेमॉन’चे ४५ खंड, पण प्रत्येक गोष्ट सुटी. मधला कुठलाही घ्या, चालतो. तेझुका ओसामूंचा ‘बुद्ध’ इंग्रजीत आठ खंडांत पुरा होतो. तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाला मी तरी त्यापासून सुरुवात करायला सांगेन.

ग्रंथालयांच्या ड्यूई वर्गीकरण पद्धतीत ही सारी पुस्तकं ७४१.५ या क्रमांकाखाली येतात, म्हणून डोरेमॉनच्या शेजारी हिरोशिमा येऊन बसतं. ‘बेअरफूट गेन’ काढणारे नाकाझावा केइजी अणुबॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचे होते, हिरोशिमातच होते. २०१२ मध्ये खुद्द जपानच्या मात्सुए शहरात, शाळांच्या ग्रंथालयांनी ही मालिका बंद कपाटात ठेवावी असं शिक्षण मंडळाने सांगितलं. विरोध झाल्यावर २०१३ मध्ये ते मागे घेतलं. ही मालिका मोठ्या मुलांच्या फळीवर, उघडी ठेवावी. तिथे ग्रंथपालाने आधी स्वतः ती वाचलेली असावी, एवढंच.

तिच्याशेजारी मी ‘भीमायन’ ठेवेन. बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवरचं हे २०११ चं पुस्तक दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रंगवलं. त्यांनी चौकटीच नाकारल्या, त्यांच्या जागी गोंडांच्या भिंतीवरची दिग्ना नक्षी वळत जाते. सोसणाऱ्यांचे बोल पक्ष्याच्या आकारात, आणि विषारी बोलांच्या फुग्याला विंचवाची नांगी. फुग्याच्या आकारावरूनच माणूस कळतो.

आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीने रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले. एका कथेच्या चित्रसंचाला ते ‘पोथी’ म्हणतात. या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एक चित्र खाली जातं, दुसरं अजून वर यायचं असतं. त्या क्षणभरात समोर काहीच नसतं, फक्त हुडूक वाजत असतो, आणि बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे रावण सीतेला उचलून निघालेला असतो.