वाशिमचं तळं, उनकेश्वरचं कुंड आणि घरातली बादली

वाशिम शहरातल्या पद्मतीर्थाची कथा एका आजारापासून सुरू होते. वासुकी नावाच्या राजाला कुष्ठरोग जडला होता. गावाबाहेरच्या एका डोहात आंघोळ केल्यावर तो बरा झाला आणि त्याने तो डोह खोदून मोठं तळं केलं, अशी आख्यायिका ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरनेही नोंदवून ठेवली आहे. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथे 108 तीर्थं होती असं परंपरा सांगते. पाण्याने रोग जातो ही श्रद्धा या गावाच्या जन्मकथेतच मुरलेली आहे.

पद्मतीर्थाचं पाणी थंड. गरम पाणी हवं असेल तर पैनगंगेच्या प्रवाहाबरोबर खाली जावं लागतं. वाशिम जिल्ह्याला भिजवणारी हीच नदी पुढे यवतमाळ आणि नांदेडची सीमा होऊन वाहते, आणि तिच्या काठावर, किनवटच्या बाजूला उनकेश्वरचं गरम पाण्याचं कुंड आहे. खरूज, नायटा, अंगाची आग अशा तक्रारी घेऊन माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. शरभंग ऋषींचा त्वचारोग बरा व्हावा म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढलं, असं इथे सांगतात. जळगाव जिल्ह्यातल्या उनपदेवलाही हेच ऋषी आणि हाच बाण भेटतो. अमरावती जिल्ह्यातल्या सालबर्डीला तर थंड आणि गरम असे दोन झरे शेजारी शेजारी आहेत. विदर्भाच्या माणसाला गरम-थंड पाण्याचा उपचार शिकायला परदेशाकडे पाहावं लागलं नाही, तो असा हाताशी होता.

या झऱ्यांखाली ज्वालामुखी धगधगत नाही. दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याचा खरा, पण तो थंड होऊन सहा-साडेसहा कोटी वर्षं लोटली. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांमधून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि एखाद्या सरळ भेगेतून झपाट्याने वर येतं. वाटेत ते खडकातली खनिजं विरघळवून घेतं. कोकणात वज्रेश्वरी, गणेशपुरीपासून तुरळ, राजवाडीपर्यंत अशा झऱ्यांची ओळच्या ओळ आहे. अशा पाण्यातल्या गंधकाने कातडीचे रोग जातात हा लोकांचा विश्वासही अगदीच निराधार नाही, कारण खरजेवर गंधकाचं मलम डॉक्टर आजही देतात. मात्र मलमातलं प्रमाण मोजून ठेवलेलं असतं, झऱ्यातलं नसतं. शिवाय ज्या कुंडात उघड्या जखमा घेऊन अनेकजण उतरतात, तिथे रोग जाण्याइतकाच येण्याचाही संभव असतो.

घरातली जलचिकित्सा याहून साधी आणि जास्त नेमकी. दिवाळी येते तेव्हा वाशिम, रिसोड, मालेगावच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी नुकतीच उरकलेली असते. दिवसदिवस वाकून विळा चालवलेल्या कंबरा धरलेल्या असतात. अशा अंगाला नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल चोळायचं, उटणं लावायचं आणि कढत पाणी घ्यायचं, ही रीत ज्या कुणी घातली त्याला शेतकऱ्याचं शरीर ठाऊक होतं. चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं की त्यात विसण घालायचं, कोपर बुडवून पाहायचं, मगच पहिला तांब्या पाठीवर. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाईही कोपरच बुडवते, कारण राबून राठ झालेल्या तळहातापेक्षा तिथली कातडी उष्णता अचूक सांगते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त तर मर्यादाही आखून दिली आहे: गरम पाणी मानेखालच्या अंगाला बळ देतं, पण डोक्यावर घेतलं तर केसांना आणि डोळ्यांना अपाय करतं.

युरोपात एकोणिसाव्या शतकात जलचिकित्सेचं शास्त्र बांधण्याचे प्रयत्न झाले. व्हिन्सेंट प्रीस्निट्झने थंड पाण्याच्या उपचारांचं केंद्र चालवलं, सेबास्टियन क्नाइप या धर्मगुरूने ते लोकप्रिय केले आणि लाइपझिगच्या लुई कूने यांनी कटिस्नानाचा, म्हणजे कंबरेपर्यंत पाण्यात बसण्याचा, आग्रह धरला. कूने यांचं पुस्तक गांधीजींनी वाचलं आणि ते आयुष्यभर अंगी बाणवलं. 1902 मध्ये मुंबईत त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला, मणिलालला, विषमज्वर आणि न्यूमोनिया झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सुचवला. तो नाकारून गांधीजींनी मुलाला कटिस्नान दिलं, संत्र्याचा रस पाणी घालून दिला. ताप 104 वर गेला तेव्हा ओल्या चादरीत गुंडाळून वर कांबळी घातली, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि बेचैन होऊन ते चौपाटीकडे चालत सुटले. परतले तेव्हा मुलाला घाम फुटला होता. आत्मकथेत हा प्रसंग सांगताना गुण कशाचा आला, देवाच्या कृपेचा, पाण्याचा की पथ्याचा, हे कोण ठरवणार, असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. आजच्या पालकांनी विषमज्वरात त्यांची नक्कल करू नये, त्यासाठी प्रतिजैविकं आहेत. पण त्यांनी ठेवलेली ही शंका उचलण्यासारखी आहे.

1946 च्या मार्चमध्ये त्यांनी पुण्याजवळ उरळीकांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केलं. ते स्वतः तिथे थोडे दिवसच राहिले. त्यांचे सहकारी मणिभाई देसाई यांनी मात्र पुढचं सगळं आयुष्य तिथेच घालवलं. गरीब खेडुताला परवडेल असा उपचार, माती, पाणी, ऊन आणि आहार यांवर उभा, हा त्यामागचा विचार होता.

गरम आणि थंड पाणी शरीरात नेमकं करतं काय? उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैल पडतात. थंडीने वाहिन्या आकसतात, सूज आणि ठणका कमी होतो. म्हणून मुरगळलेल्या पायाला पहिले एक-दोन दिवस थंड, आणि जुनाट आखडलेपणाला शेक. मूळव्याधीच्या त्रासात कोमट पाण्यात बसलं की गुदद्वाराचा ताणलेला स्नायू सैल होतो आणि दुखणं कमी होतं. मज्जातंतूंना गरम-थंड कळतं कसं, याचा उलगडा करणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. त्यांच्या शोधाची सुरुवात मिरचीचा तिखटपणा शरीराला कसा जाणवतो या प्रश्नातून झाली होती.

दावे मात्र पुराव्याच्या पुढे धावतात. नेदरलँड्समध्ये 3,018 जणांवर झालेला, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. आंघोळीच्या शेवटी अर्धं ते दीड मिनिट थंड पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा 29 टक्क्यांनी कमी झाल्या, पण आजारी असण्याचे दिवस जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे माणसं आजारी पडलीच, फक्त कामावर गेली. शहरी जिममध्ये सध्या बर्फाच्या टबाची हवा आहे. त्यात एकदम उडी मारली तर श्वास अडकतो, रक्तदाब उसळतो, आणि हृदय कमजोर असलेल्याला हे झेपत नाही.

वासुकी राजाच्या आजाराकडे पुन्हा वळायला हवं, कारण तिथे पाण्याचं काम खरोखर मोलाचं आहे. कुष्ठरोग आज गोळ्यांनी बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस 1981 मध्ये केली. कुष्ठरुग्णांसाठी अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन, तेव्हा हे औषध नव्हतं. पण गोळ्यांनी जंतू मेले तरी बधिर झालेली नस परत येईलच असं नाही. घाम न येणारी कातडी कोरडी पडते, भेगाळते, भेगेत जखम होते, दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही आणि शेवटी बोट जातं. त्यावरचा रोजचा उपाय असा: पसरट घमेल्यात साधं, न तापवलेलं पाणी घ्यायचं. त्यात पाय वीसेक मिनिटं बुडवून ठेवायचे. मऊ झालेली टणक कातडी खरखरीत दगडाने हलकेच घासायची आणि पाय ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावायचं, म्हणजे ओल आत टिकते. मग प्रत्येक बोटाच्या बेचक्यात पाहायचं. पाणी गरम मात्र घ्यायचं नाही, कारण चटका बसला तरी त्या पायाला कळत नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही हाच इशारा लागू आहे. आजघडीला कुष्ठरुग्णांइतकीच या मंडळींचीही काळजी वाटावी, इतका मधुमेह खेड्यांत पोचला आहे.

साध्या, थंड पाण्याची खरी गरज आणखी दोन वेळा पडते. भाजलं तर बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतलं काहीही न लावता वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं. आणि विदर्भात वैशाखाच्या उन्हात शेतात राबणारा माणूस बरळू लागला, अंग तापून लाल झालं, तर तो उष्माघात समजायचा. 108 ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वाट पाहत बसायचं नाही. सावलीत आणून कपडे सैल करायचे, विहिरीचं पाणी अंगभर ओतत राहायचं, वारा घालायचा, काखेत, मानेवर आणि जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. दवाखान्याच्या वाटेवरही हे ओतणं थांबवायचं नाही, कारण मेंदूला अपाय होतो तो तापलेल्या प्रत्येक मिनिटाने.