मदत मागे घेण्याचं कसब

दिवाळीला दोन महिने असतानाच विशेष तरुणांच्या कार्यशाळांमध्ये उटण्याचा वास भरून राहतो. लांब टेबलावर डावीकडे उटण्याचा डबा, मग मापाचा चमचा, रिकाम्या पुड्या, वजनकाटा, सीलिंग मशीन आणि अगदी उजव्या टोकाला ‘झालं’ असं लिहिलेला ट्रे. काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे स्वमग्न तरुणाला या मांडणीतूनच कळतं. ही पद्धत रूढ केली ती अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९७२ पासून राज्यभर चाललेल्या, एरिक शॉप्लर यांच्या ‘टीच’ कार्यक्रमाने.

शिकवणाऱ्या ताई समोर बसत नाहीत, त्याच्या मागे उभ्या राहतात. समोर बसलं की तो दर पायरीला त्यांच्या होकाराची वाट पाहू लागतो. शिकवण्याचा क्रमही उलटा. आधीचं सगळं ताई करतात, तो फक्त सील झालेली पुडी ट्रेमध्ये टाकतो. म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचाच. ते जमलं की सील करणं, मग वजन, मग भरणं. सुरुवातीला हातावर हात, नंतर कोपराला नुसता स्पर्श, पुढे बोटाने खूण, आणि शेवटी काहीच नाही.

सगळ्यांत अवघड असतं गप्प राहणं.

“आता काय करायचं?” असं ताईंनी रोज विचारलं, तर त्या प्रश्नाशिवाय पुढची पुडी उचललीच जात नाही; प्रश्न हीच कामाची एक पायरी होऊन बसते. स्पर्श कमी करता येतो, खूण लहान करता येते, पण बोलण्याची सवय सुटता सुटत नाही. म्हणून तो थांबला की ताई मनातल्या मनात आकडे मोजतात. पाहणाऱ्याला ती शांतता असह्य होते, हात पुढे करावासा वाटतो. पुष्कळदा आकडे संपण्याआधीच त्याचा हात हलतो. गोंगाटाने तो अस्वस्थ झाला, तर विश्रांतीचं चित्रकार्ड उचलून कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसतो. ते कार्ड उचलणं हेही शिकवावं लागलेलं असतं.

पण कार्यशाळेत जमलेलं घरी टिकेलच असं नाही. सकाळी सात वाजता रिक्षा खाली उभी असते, आणि आई पटापट शर्टाची बटणं लावून मोकळी होते. “बटणं त्यालाच लावू द्या, हवं तर थोडं आधी उठवा,” हे ताईंनी सांगितलं तर आईला सल्ला वाटतो. तेच दुसऱ्या स्वमग्न मुलाच्या आईने सांगितलं तर धीर वाटतो. पालकगटांचं मोल इथे आहे. एके काळी स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, दोष थेट आईच्या थंडपणावर टाकला जाई. त्या समजुतीला १९६४ मध्ये पुस्तक लिहून धक्का दिला बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होतेच, शिवाय एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. दिल्लीतली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्थाही १९९१ मध्ये एका आईच्या पुढाकारातूनच उभी राहिली.

चांगला मार्गदर्शक मुलाचं वेड मोडत नाही, त्यातूनच वाट काढतो. स्वतः स्वमग्न असलेल्या टेम्पल ग्रँडिन शाळेत असताना शरीराला घट्ट दाब देणाऱ्या स्वतः बनवलेल्या यंत्राने झपाटलेल्या होत्या. विज्ञानशिक्षक विल्यम कार्लॉक यांनी त्यांना सुचवलं, की या दाबाने मन शांत का होतं ते विज्ञानातून शोध. त्या पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या.

आपल्याकडे खरी पोकळी अठराव्या वर्षानंतर जाणवते. शाळा संपते, आणि कायद्याने आई-वडील आपोआप पालकही राहत नाहीत. पालकत्वाची गरज असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो. ही कागदपत्रं आणि कामाचं शिक्षण, दोन्हींची तयारी चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुरू व्हायला हवी.

उरलेलं काम शेजाऱ्यांचं आणि दुकानदारांचं आहे. तुमच्या छापखान्यात, किराणा दुकानात किंवा ऑफिसात रोज तेच ते, नीट ठरलेलं दोन तासांचं काम असेल, तर जवळच्या कार्यशाळेत जाऊन एकदा विचारा. आणि असा तरुण कामाला आला, की त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.