पहिली पटाशी, पहिली धार

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आम्ही आजवर किती वेळा फळ्यावर लिहिली असेल, याची गणती नाही. परंतु लाकडावरील कोरीवकामाशी परिचय झाल्यावर आमच्या ध्यानात आले, की या कलेत अंगण पुष्कळदा खरोखरीच वाकडे असते. हत्याराला धार नसेल, तर हात कितीही कसबी असो, लाकूड त्याला वश होत नाही.

हे ज्ञान आम्हांस सुखासुखी लाभले नाही. २०१८ साली आमच्या विद्यालयातील मुले सहलीत म्हार्दोळच्या श्रीमहालसेच्या सभामंडपातील लाकडी खांब आणि छतावरील रंगीत कोरीवकाम पाहून आली, आणि आपणही असे काही कोरावे असा त्यांनी हट्ट धरला. आम्ही उत्साहाने बारा पटाश्यांची एक स्वस्त पेटी आणविली. हत्यारे नवी असूनही बोथट होती. ती तशीच राहू द्यावीत, मुलांच्या हाती तीक्ष्ण पाते नको, असे आम्ही मुख्याध्यापकी सावधपणाने ठरविले.

दुसऱ्याच आठवड्यात आठवीतील एका मुलाने, लाकडात शिरत नाही म्हणून, पटाशी सारे बळ लावून रेटली. ती सटकली आणि लाकूड धरलेल्या डाव्या तळहातात घुसली. चार टाके घालावे लागले. संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. काय बोलावे ते सुचेना, तेव्हा म्हणालो, “हत्याराला तशी धार नव्हती हो.” मुलाचे आजोबा जुने मेस्त. ओसरीवर बसून ते ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, “मास्तर, म्हणूनच लागले.”

दुसऱ्या दिवशी ते आपणहून शाळेत आले. त्यांनी तक्रार केली नाही, पेटी मागितली. पुढील चार शनिवारी त्यांनी आम्हांस जे शिकविले, ते नवशिक्या वाचकांसाठी येथे मांडीत आहोत.

पहिली गोष्ट हत्यारांच्या निवडीची. मेस्तांनी प्रत्येक पटाशीच्या टोकाजवळ जुनी कानस घासून पाहिली. कानस जिथे लोखंड सहज खाऊ लागली, ते पाते मऊ. त्याची धार टिकायची नाही. कानस जिथे घसरली, ते पाते कडक. बारांपैकी तीनच या कसोटीला उतरल्या. उरलेल्या दोन पटाश्या त्यांनी लोहाराकडून झिजलेल्या कानशींपासून घडवून आणल्या. आरंभाला पाचच हत्यारे पुरतात, असे त्यांचे म्हणणे: एक सरळ पटाशी, एक तिरप्या तोंडाची, एक उथळ गोल पटाशी, एक खोल गोल पटाशी आणि रेघा काढण्यासाठी एक तिकोनी. रुंदी सहा ते बारा मिलिमीटर असली म्हणजे झाले. विलायती हत्यारे घेणाऱ्यांनी शेफील्डच्या पद्धतीचे क्रमांक पाहावेत. त्यात १ म्हणजे सरळ पाते. ३ पासून ९ पर्यंत गोलाई वाढत जाते. ३९ ही तिकोनी.

येथे एक सावधगिरी. सुतारी पटाशीला एकाच बाजूने उतार असतो. कोरण्याच्या सरळ पटाशीला बहुधा दोन्ही बाजूंनी. एकतर्फी उताराचे पाते कोरताना लाकडात नको तितके खोल शिरू पाहते.

दुसरी गोष्ट धारेची. दगड दोन हवेत, एक जाडा आणि एक बारीक. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचिसन यांच्या हाती लागलेल्या कार्बोरंडमचे दुतर्फी दगड आज हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. धारेच्या दोन अंगांमधील कोन मऊ लाकडासाठी २० ते २५ अंश, कठीण लाकडासाठी त्याहून थोडा अधिक ठेवावा. कोनमापक जवळ नसेल, तर कागदाचा काटकोनी कोपरा लागोपाठ दोनदा मधोमध दुमडावा. साडेबावीस अंश मिळतात. भूमितीच्या तासाला इतकी वर्षे कागद दुमडून दाखविणाऱ्या आम्हांस हे सुचले नव्हते, मेस्तांनी सुचविले!

दगडावर तेल किंवा पाणी घालून उतार सपाट टेकवावा आणि कोन न बदलता घासावे. सरळ पाते पुढे-मागे चालवावे. गोल पटाशी आडवी नेताना मनगटाने या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवावी, नाहीतर मधला भाग झिजतो आणि कोपरे तसेच राहतात. पात्याच्या पलीकडच्या अंगाला बोट हलकेच बाहेरच्या दिशेने फिरविले असता बारीक खरखरीत कोर संपूर्ण रुंदीभर लागली, म्हणजे जाड्या दगडाचे काम झाले. मग बारीक दगड. गोल पटाशीच्या आतल्या अंगाची कोर काढायला गोल कडेचा छोटा दगड लागतो. शेवटी लाकडी फळीवर चिकटविलेल्या चामड्याला पॉलिशची हिरवी वडी चोळून, धार मागे ठेवून पाते आपल्याकडे ओढावे. पुढे ढकलले, तर चामडे कापले जाईल.

विजेच्या चाकावर घाई करू नये. पाते तापून निळे पडले, की पोलादाचे पाणी उतरते. मग कितीही घासा, धार टिकत नाही. चाक वापरायचेच असेल, तर पाते पुनःपुन्हा पाण्यात बुडवावे.

धार लागली की नाही, हे अंगठ्यावर पाहू नये, लाकडावर पाहावे. शिवणीच्या तुकड्यावर तंतूंना आडवा काप घ्यावा. काप गुळगुळीत आणि चकचकीत निघाला, तर धार बरोबर. त्यात एखादी पांढरी रेघ उमटली, तर पात्याला तेथे खाच आहे. पुन्हा दगडाकडे जावे. शिकायला शिवणच घ्यावी. ती मऊ आणि तंतूंनी सरळ. सागवान देखणे खरे, पण त्यात वाळूचा अंश असतो, तो धार लवकर खातो.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्ही पहिल्या दिवशीच सांगावयास हवी होती: लाकूड शिकंज्यात पक्के आवळावे आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत. धारदार पाते थोड्या बळावर चालते, म्हणून आवरता येते. बोथट पाते बळ मागते, आणि सटकल्यावर ते सारे बळ ज्या दिशेला असेल तिकडे जाते.

त्यानंतर आमच्या छंदवर्गात पहिला महिनाभर कोणीच काही कोरले नाही. मुले फक्त धार लावीत. ज्याने स्वतः धार लावली, त्याच्याच हाती ती पटाशी द्यावयाची, असा नियम मेस्तांनी घालून दिला. त्यांच्या नातवाचा हात तोवर बरा झाला होता. तो पहिल्या रांगेत बसला. आम्ही मात्र आठवडाभर त्याच्या हाताकडे पाहण्याचे टाळीत होतो.

मेस्त आता राहिले नाहीत. नातू मोठा झाला आहे. गेल्या चतुर्थीला त्याने गणपतीच्या पाटाच्या कडेला शिवणीत वेल कोरली आणि आम्हांस मुद्दाम बोलावून दाखविली. आम्ही चष्मा पुसून पाट उजेडात धरला आणि आधी पानांच्या कडा पाहिल्या. पांढरी रेघ कोठेच नव्हती.